पिकअप: दोन चाकं ओढणारी की चारही?



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या बऱ्हाणपुरात गाडीखरेदीच्या गप्पा रंगतात. केळीवाल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे, पिकअप साधी घ्यावी की फोर-व्हील ड्राइव्ह? किमतीत बराच फरक असतो आणि हप्ते सगळ्या घराला भरायचे असतात. म्हणून या वेळी त्याबद्दल.

साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी पडते आणि चिखलात चाकं जागच्या जागी फिरतात. माल भरला की पकड सुधारते, पण काळ्या मातीत तेच वजन गाडी रुतवतं. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढतात. शिवाय 'फोर-लो' हा संथ पण जोरकस गिअर चढावर आणि चिखलात कामी येतो. बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा दोन्ही प्रकारांत निघाल्या आहेत. २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स मात्र फोर-व्हीलच.

मग सरळ फोर-व्हीलच घ्यावी का? आधी आपला रस्ता बघा. रावेर किंवा जळगावकडे डांबरी रस्त्यानेच माल न्यायचा असेल, तर साधी गाडी पुरते. फोर-व्हीलमध्ये जास्तीचा गिअरबॉक्स आणि पुढचे दांडे येतात, म्हणजे वजन, डिझेल आणि देखभाल सगळंच वाढतं.

शेत आत असेल तर गोष्ट वेगळी. केळीची कापणी पावसाळ्यातही थांबत नाही आणि कापलेला घड वाट बघत बसत नाही. तरी घरात ट्रॅक्टर असेल, तर बांधापासून सडकेपर्यंत ट्रॉलीने माल काढून पुढे साध्या पिकअपमध्ये भरता येतो. ट्रॅक्टर नसेल, किंवा धूळकोटकडच्या सातपुड्यातल्या चढांवर रोजची ये-जा असेल, तर फोर-व्हीलचे पैसे वसूल होतात. वर्षातले किती दिवस गाडी अडते ते वहीत मांडा. चार-पाच दिवसच असतील तर तेवढ्यापुरता भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडेल.

टायरला विसरू नका. आपली माती टायरच्या खाचांत लिंपून बसते. गुळगुळीत टायरवर चारही चाकं फिरतील, पण गाडी हलणार नाही.

फोर-व्हील घेतलीच, तर दोन गोष्टी घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा. पहिली, कोरड्या डांबरावर ती लावून ठेवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. अशा बहुतेक पिकअपमध्ये पुढचे-मागचे दांडे एकत्र जखडलेले असतात, त्यामुळे ताण येऊन टायर झिजतात आणि गिअर तुटू शकतात. दुसरी त्याहून मोठी: चार चाकं ओढतात, पण ब्रेक काही जास्त लागत नाही आणि वाहत्या नाल्यात गाडी तरंगायचीही थांबत नाही. फोर-व्हील आहे म्हणून पुरात घालू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा, केळी गेली तर पुढच्या हंगामात येतील.

सही करण्याआधी विक्रेत्याला गाडी घेऊन आपल्या शेतरस्त्यावर बोलवा. हौद्यात वजन टाकून चालवून बघा, आणि जो मुलगा रोज चालवणार आहे त्याच्याच हाती चाक द्या.