स्वादुपिंडाच्या गाठीची सुई-तपासणी: दोन रुग्णालयांत फरक का पडतो?

अंधेरी असो वा मुलुंड, स्वादुपिंडातल्या गाठीचा नमुना बहुधा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करत (ईयूएस) सुईने घेतात. फरक पुढे पडतो. काही रुग्णालयांत पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथे स्लाइड पाहून पेशी पुरेशा आहेत का ते सांगतात. इतरत्र स्लाइड लॅबला जातात आणि ‘नमुना अपुरा’ हे काही दिवसांनी कळते. एफएनबी सुईने ऊतीचा बारीक तुकडाच मिळतो, मग पॅथॉलॉजिस्ट जागेवर नसले तरी फारसे अडत नाही. पण ही सुई महाग. कोणती वापरणार, हे आधीच विचारा.

डब्ल्यूएचओच्या 2022 च्या पद्धतीत रिपोर्टचे सात गट आहेत. ‘अटिपिकल’ म्हणजे कॅन्सर नव्हे. ‘निगेटिव्ह’वर मात्र लगेच पेढे वाटू नका, सुई गाठीत नेमकी लागली नसली तरी तसा रिपोर्ट येतो.

गाठ सरळ काढता येण्याजोगी असेल तर सर्जन बायोप्सीशिवाय ऑपरेशन सुचवतात, त्यात गैर काही नाही. केमोथेरपीआधी मात्र पुरावा हवाच. टीबी किंवा ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसची सूजही स्कॅनवर गाठीसारखी दिसू शकते.

परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घ्यायला जाताना नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. पहिल्या लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या.