चंद्रपूरचा बर्फ, कोकणचा समुद्र

वैशाखात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा या भूमीवर एकेकाळी बर्फ पसरला होता असे कोणी सांगितल्यास ती थट्टाच वाटेल. परंतु १८७०च्या दशकात भूसर्वेक्षण खात्याच्या फ्रान्सिस फेडन यांना चंद्रपूरच्या पश्चिमेस, इरई गावाजवळ नदीपात्रातील चुनखडकावर समांतर ओरखडे आढळले. वाहते पाणी असे ओरखडे काढीत नाही. पोटात दगडगोटे घेऊन सरकणारी हिमनदीच ते काढते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण गोलार्धातील गोंडवन महाखंडाचा भाग होती. (त्या महाखंडाला जगाने दिलेले नावही गोंडांच्याच मुलखाचे!) पुढे बर्फ वितळला, पाणी महासागराला मिळाले आणि समुद्र आजच्या छत्तीसगडातील मनेंद्रगडपर्यंत आत शिरला. तेथे हसदेव नदीकाठच्या खडकांत सागरी जीवांचे अवशेष आजही दिसतात.

त्यामुळे समुद्राची चिंता कोकणाने करावी, विदर्भाला तिचे काय, हा समज टिकणारा नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. पेल्यात तरंगणारा बर्फ वितळल्याने पेला भरून वाहत नाही, कारण तो आधीच आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारून असतो. ध्रुवसागरावर तरंगणाऱ्या बर्फाचेही तसेच. समुद्र चढतो तो जमिनीवरचा बर्फ त्यात उतरल्याने, आणि तापलेले पाणी प्रसरण पावल्याने. सुमारे ३६,००० कोटी टन बर्फ वितळला की जगातील समुद्र एक मिलिमीटर चढतो. एकट्या ग्रीनलंडमधून गेली दोन दशके दरवर्षी सरासरी २७,००० कोटी टनांच्या आसपास बर्फ जात आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आकडा किरकोळ भासतो. पण अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वादळ याच वाढीव पायरीवरून किनाऱ्यावर चढते. खारभूमीचा बांध फुटलेल्या रायगडच्या शेतकऱ्याला ते निराळे सांगावे लागत नाही.

चंद्रपूरचा हिमयुग ओसरल्यावर त्याच भूमीवर अरण्ये वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. फेडन ओरखडे पाहत होते त्याच दशकात वरोऱ्याला खाण सुरू झाली. आज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ज्या भूमीवरचा बर्फ गेल्यावर कोळसा झाला, तोच कोळसा जळून आता दूरचा बर्फ वितळवितो आहे. जगाच्या एकूण कर्बवायूत श्रीमंत राष्ट्रांचा वाटा फार मोठा, आणि तो त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे. म्हणून घरचा हिशेब मात्र टळत नाही.

हा हिशेब विषम आहे. वीज राज्यभर जाते. राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो. शेजारच्या गडचिरोलीचे अरण्य तोच कर्ब शोषून घेते, पण सुरजागडच्या लोहखनिजासाठी झाडे पाडताना ही सेवा कोणाच्या खतावणीत दिसत नाही. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभेने ते वन राखून दाखविले. किनाऱ्यावरील बंधाऱ्यांसाठी शासन निधी मागते, तेव्हा त्याच मागणीपत्रात या ग्रामसभांचेही नाव असावयास हवे.