उभ्यानं बीपी कुणी बघितलं?

बायपास करून माणूस गावात आला की तो एकट्याचा राहत नाही, सगळ्या गावाचा होतो. कोण म्हणतं अर्जुनाची साल उकळून प्या, कोण म्हणतं एवढ्या गोळ्यांनी किडन्या जातील, बंद करा. मी सगळ्यांचं हसून ऐकत आलो. पण वैशाखातल्या त्या रात्रीपासून हसू येत नाही. म्हणून हे लिहितोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

ऑपरेशनला पाच महिने झाले होते. विहिरीवरची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची. दोन वाजता आली. आमच्या माणदेशात वैशाखात विहिरीला पाणी असतंच किती, त्यात डाळिंबाची पाळी चुकवून चालत नाही. बाजेवरून ताडकन उठलो, बांधाला लघवीला उभा राहिलो, मोटरीकडं वळलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. गुडघे गेले. पुढचं आठवत नाही.

पुढचं घरच्यांनी सांगितलं ते असं. पुतण्यानं मला उचलून खुर्चीत बसवलं. जरा शुद्ध यायची की परत मान टाकायचो. शेजारणीनं नाकाला कांदा लावला, कुणीतरी चप्पल आणली, एकानं तोंडात साखरेचं पाणी ओतलं. ते घशात अडकून जो ठसका लागला, तो ज्याची छाती तारांनी शिवलीय त्यालाच कळेल. "आवो, बसतं करा की त्येस्नी, आडवा ठिवला तर माणूस जाईल!" असं एक जण ओरडत होता म्हणे. अरे बाबांनो, मी आडवा पडलो म्हणूनच डोक्याला रक्त पोचत होतं! पडलेल्याला पडू द्यावं. श्वास बघावा, पाय जरा उचलून धरावेत, तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन लावावा. श्वास नसेल तर मात्र गाडीची वाट न बघता छाती दाबायला घ्यावी. पण आपल्याकडं कांदा आधी, फोन नंतर.

जीपमधून तालुक्याला नेलं. दंडाला पट्टा गुंडाळला, १९०/११०. झालं, सगळे त्या आकड्याला भ्याले. मध्यरात्री खड्ड्यांतून आणलेल्या घाबऱ्या माणसाचं बीपी वाढणार नाही तर काय होणार! पण तिथं जिभेखाली कॅप्सूल फोडली. बीपी धाडकन उतरलं आणि मला उठवल्याबरोबर परत घेरी आली. असं एकदम बीपी पाडलं तर मेंदूचं आणि हृदयाचं रक्त तुटतं, हे १९९० च्या दशकापासून डॉक्टरमंडळींना सांगितलं जातंय. वर सल्ला काय, तर बीपीची गोळी डबल करा.

चार दिवसांनी पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, २४ तास होल्टर लावलं, कारण बायपासनंतर ठोके चुकूनही माणूस पडतो. ते ठीक निघालं. मग त्यांनी बिनपैशाची एक गोष्ट केली. पाच मिनिटं झोपवून बीपी घेतलं, १५२/८८. उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घेतलं, ११०/७०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं उतरला तरी दखल घ्यायची असते. माझा ४२ नं उतरला होता.

"काका, आणखी कुठली गोळी घेता?"

लघवीची. प्रोस्टेटसाठी महिन्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली टॅमसुलोसिन, तीही रात्री झोपताना. ती रक्तवाहिन्याही सैल करते. बीपीच्या दोन, ही तिसरी, वर वैशाखाचा घाम. त्या डॉक्टरांनी माझी हृदयाची फाईल मागितली नव्हती. मीही दाखवली नव्हती, तो दोष माझा.

आता त्या फाईलविषयी. जाडजूड, आणि सगळी इंग्रजी. उठताना आधी काठावर बसा, रात्री लघवी बसून करा, नवी गोळी चालू करण्याआधी जुना कागद दाखवा, एवढी तीन वाक्यं मराठीत त्यात नाहीत. सरकारी योजनेतून लाखांचं ऑपरेशन फुकट झालं, ते उपकार मी विसरणार नाही. पण लाखांचं फुकट देणाऱ्यांना एक मराठी कागद महाग पडावा? आणि ज्याच्या छातीला टाके त्यालाच रात्री दोनला उठवणारी लाईट, तिचा हिशेब कुणाकडं मागायचा?

गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. निजल्यावर बीपी जास्त आणि उभ्यानं कमी, हे एकाच माणसात असू शकतं. बाईंनी बीपीची गोळी तोडली नाही. वेळ बदलली, लघवीची गोळी बदलली, आणि घरी मशीन घेऊन निजून-उभं असं दोन्ही लिहायला लावलं.

मोटरीला ऑटो बसवलाय. वायरमन कुरकुरतो, कुरकुरू दे. रात्री जाग आलीच तर बाजेच्या काठावर पाय सोडून बसतो आणि शंभरपर्यंत मोजतो. अंधारातून मंडळीचा आवाज येतो, "मोठ्यानं मोजा, मला ऐकू आलं पायजे."