राणी त्यांची, वजीर आपला

बुद्धिबळावर मालिका म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न येतो, त्यात बघायचं काय? दोन माणसं गप्प बसलेली, मध्ये पट, आणि बऱ्याच वेळानं एक प्यादं सरकतं. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली 'द क्वीन्स गँबिट' ही सात भागांची मालिका, उंट तिरका जातो एवढंच ठाऊक असलेल्यांनीही झोप मोडून संपवली. मीही त्यातलीच.

माझ्या मते याचं एक कारण अगदी साधं आहे. मालिका डाव समजावून सांगायच्या भानगडीत पडतच नाही. आपण बघतो ते चेहरे, घड्याळावर पडणारा हात, आणि मोहरा उचलायच्या आधी थबकलेली बोटं. मात्र पटावरचे डाव खरे आहेत. सल्लागार म्हणून गॅरी कास्पारोव्ह आणि ब्रूस पँडोल्फिनी होते. खेळणाऱ्याला डाव खोटा वाटत नाही आणि न खेळणाऱ्याला तो कळायची गरज पडत नाही. हे जमवणं फार अवघड आहे बरं का.

पण कथा उभी आहे ती उधारीवर. अनाथाश्रमाच्या तळघरात सफाई कामगार शायबेल लहानग्या बेथला खेळ शिकवतो. पहिल्या स्पर्धेच्या फीसाठी ती पत्र लिहून त्याच्याकडे पैसे मागते, तो पाच डॉलर पाठवतो. ते परत करायचं राहूनच जातं. तो गेल्यावर ती तळघरात उतरते, तेव्हा भिंतीवर तिच्याच बातम्यांची कात्रणं चिकटवलेली दिसतात. शेवटच्या डावापेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. पुढे मॉस्कोच्या प्रवासाचा खर्च एक ख्रिस्ती संघटना उचलते, पण तू आमचं निवेदन कर म्हणते. बेथ पैसे परत करते आणि मैत्रीण जोलीन आपल्या साठवलेल्या पैशांतून तिला पाठवते. मी कॅथलिक आहे, पण मला हा प्रसंग खटकला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दानाबद्दल जे शिकले, त्यात अट कुठंच नव्हती.

खटकलं ते वेगळंच. बेथशी हरलेले पुरुष फार लवकर शहाणे होतात, हात मिळवतात, मदतीला धावतात. शिवाय शेवटच्या भागात, जॉर्जियाची खरी विश्वविजेती नोना गाप्रिंदाश्विली कधी पुरुषांशी खेळलीच नाही, असं एक वाक्य आहे. ती तर डझनावारी पुरुषांशी खेळली होती! तिनं नेटफ्लिक्सवर खटला भरला, २०२२ मध्ये तडजोड झाली. कल्पनेतली एक मुलगी एकमेव ठरावी म्हणून खऱ्या बाईला पुसलं गेलं, हे मला पटत नाही.

आणि खऱ्या बायका आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या खाडिलकर भगिनी वासंती, जयश्री आणि रोहिणी या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि गदारोळ उठला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. १९८१ मध्ये तीच रोहिणी आशियाई विजेती झाली. आमच्या भागात आंतरकॉलेज स्पर्धेत अजून 'मुलींची टीम होत नाही' म्हणून नावं कापली जातात, तेव्हा मला युवेंचा तो निर्णय छापून नोटीस बोर्डावर लावावासा वाटतो.

जाता जाता एक. इंग्रजीत पटावर राणी आहे, आपल्याकडे वजीर. त्यामुळे मालिकेच्या नावातली गंमत मराठीत उतरतच नाही. आणि बीदरच्या माणसाला वजीर म्हटलं की महमूद गवान आठवणार, ज्याला १४८१ मध्ये बनावट पत्रावर विश्वास ठेवून त्याच्याच सुलतानानं मारलं.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. तिच्यावर कुणी ना कुणी मालिका काढेलच, काढावी. पण कुणा मराठी दिग्दर्शकानं आधी रोहिणीची काढली तर पहिला भाग पटावरून नको, कोर्टातून सुरू करा. आणि समोरच्या पुरुषांना इतक्या लवकर शहाणं करू नका.