फितूर कोणाला म्हणायचे?

समिती सोडून एखादा राष्ट्रीय पक्षात गेला की तो सूर्याजी पिसाळ झाला, असा हिशेब बेळगाव, खानापूर, निपाणीत फार वर्षे चालू आहे. तालमीत, गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत, पारावर एकच शब्द : फितूर. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या माणसाच्या घरी वास्तुशांतीला जायचे की नाही, यावरही आपल्याकडे खल होतो! बंधूंनो, मी समितीचा मतदार आहे आणि राहणार. तरीही हा शब्द मला मान्य नाही.

सीमाप्रश्न भाषेचा आणि हक्काचा आहे. त्याबाबत आपले एकमत आहे. पण उसाचा दर, आरक्षण, दिल्लीत कोणाचे सरकार असावे, यावर एकमत कधी होते? १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा तिच्यात प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. एरवी ही मंडळी एकमेकांचे तोंड पाहत नव्हती. कोणी कोणाला आपले मत सोडायला लावले नाही, म्हणून ती मोट बांधली गेली. १ मे १९६० नंतर जो तो आपल्या वाटेने गेला. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले, याचे दुःख आपल्याला आहेच. पण म्हणून एस. एम. जोशींना किंवा डांग्यांना फितूर म्हणायची कोणाची छाती आहे?

आणि सोडावे कसे, याचा धडा तर आमच्या बँकेच्या धंद्यातल्याच माणसाने घालून दिला आहे. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा निर्णय पटला नाही, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि तो का दिला हे लोकसभेत उभे राहून सांगितले. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय जाहीर झाला, असा आरोप पंतप्रधानांच्या तोंडावर केला. पद गेले, मान वाढला.

आमच्याकडे याच्या नेमके उलटे. साधे बचत खाते बंद करायचे तर अर्ज द्यावा लागतो, चेकबुक आणि पासबुक परत करावे लागते. समिती सोडणारा मात्र काही देत नाही, काही सांगत नाही. १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत पुढे, आणि तिकिटाची वेळ आली की दुसऱ्याच्या कचेरीत. गेले तर गेले, पण जाताना मराठी मतदाराला चार ओळी लिहून कारण सांगायला काय हरकत होती? माझा राग या लपून जाण्यावर आहे, जाण्यावर नाही.

पण ते लपून का जातात? उघड बोलणाऱ्याची काय गत होते हे त्यांनी पाहिलेले असते, म्हणून. सभेत कोणी विचारले, की २०१३ साली दोन आमदार होते, २०१८ ला आणि २०२३ ला एकही का नाही, तर त्याला उत्तर मिळत नाही. त्याची निष्ठा तपासली जाते. २०१८ साली समितीचेच दोन गट समोरासमोर लढले, त्यात फितूर कोण होते? २०२१ साली महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. त्यांना मते देणाऱ्यांत मराठी माणसे थोडी नव्हती. ती सगळी फितूर म्हणून खात्यातून खोडायची, तर शिल्लक काय राहील याची बेरीज पदाधिकाऱ्यांनी एकदा करावी. १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करायला यातले कितीतरी जण आजही येतात. त्यांना परत पाठवणार आहात काय?

गेल्या काही वर्षांत सोडून गेलेल्यांना वार्षिक सभेला बोलवावे, प्रत्येकाला दहा मिनिटे द्यावीत, मध्ये कोणी ओरडू नये आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात जसेच्या तसे लिहावे, असे पत्र मी कार्यवाहांकडे दिले आहे. त्यावर आणखी सह्या हव्या आहेत.