असमर्थ की असमर्थित?

'असमर्थ' आणि 'असमर्थित' यांत अवघ्या एका प्रत्ययाचे अंतर आहे. संगणकाच्या बाजारात ते सोयीस्करपणे पुसले जाते, हा आमचा आक्षेप आहे.

२०२१ साली विंडोज ११ आणताना मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर अपात्र ठरवले. आणि त्याच वर्षी रजिस्ट्रीत एक नोंद करून प्रोसेसरची अट ओलांडण्याची रीतही स्वतःच प्रसिद्ध केली. ती यंत्रे असमर्थ असती, तर ही रीत चालली असती काय? खरी असमर्थता निराळी. २०२४ च्या '२४एच२' आवृत्तीला लागणारी 'पॉपसीएनटी' ही आज्ञा ज्या प्रोसेसरात नाही, त्यावर ती आवृत्ती सुरूच होत नाही. तेथे वाद नाही.

अट ओलांडलेल्या यंत्राला सुरक्षा-अद्यतनांची हमी नसते, हा धोका आम्ही नाकारीत नाही. परंतु हमी नाकारणे हा विक्रेत्याचा निर्णय होय, यंत्राचा दोष नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला, आणि चालती यंत्रे 'कालबाह्य' म्हणवली जाऊ लागली. शब्दांची पारख शिकवणाऱ्या विभागांनी तरी भंगाराच्या यादीवर सही करण्यापूर्वी हा प्रत्यय तपासावा.