माळ्यावरील तंबोरा

वाडवडिलांचा तंबोरा माळ्यावर धूळ खात असल्यास तो मोडींत घालण्यापूर्वीं वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंती आहे. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच परंपरेंतला तो असूं शकेल. तारांनीं घोडीवर चरे पाडले कीं नाद मंदावतो. जाणता कारागीर घोडी घासून जवारी पुन्हां खुलवितो. भोपळ्याची चीरही सांधतां येते. मात्र चकाकीच्या हौसेनें जुनें रोगण खरवडूं नये. वापर नसतां तारा सैल ठेवाव्या. जीर्णोद्धार म्हणजे नवें करणें नव्हे, जुन्यास बोलतें करणें होय. हें काम कारागिरांस मिळालें नाहीं, तर वाद्याआधीं विद्याच मुकी होईल.